पहिली मशीन एम्ब्रॉयडरीची घेऊ नका



शिलाई व्यवसायावरचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, बजेट थोडं आहे, घरूनच सुरू करायचंय. शिलाई आणि एम्ब्रॉयडरी दोन्ही करणारी एकच मशीन सांगा ना." व्हिडिओत दहा मिनिटांत हे सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो: कुठलीच नको. पहिली मशीन सरळ टाका मारणारी, साधी घ्या. एम्ब्रॉयडरीचा धंदा जरूर करा, पण त्याची सुरुवात मशीन विकत घेऊन करू नका.

मला माहीत आहे, हे ऐकून बऱ्याच जणी नाराज होणार. मोबाईलवर ती रील बघितलेली असते. बटण दाबलं, रिंग आपोआप फिरली आणि पाच मिनिटांत ब्लाऊजवर मोर उतरला. ती रील पळवलेली असते हो. खरा मोर उतरायला किती वेळ लागतो ते पुढे हिशोबात बघू.

आधी यवतकडचीच एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, आणि दुकानाचंही नाही. एका ताईंनी लग्नसराईच्या तोंडावर ६८ हजारांची एम्ब्रॉयडरी मशीन घेतली. १८ हजार रोख भरले, त्यासाठी कानातलं गहाण टाकलं. उरलेल्या ५० हजारांचे बारा हप्ते, महिन्याला साधारण ४,६०० रुपये. ताई हुशार, कष्टाळू, हातात कला. पण त्या मशीनवर साधा ब्लाऊज शिवता येत नाही, हे त्यांना मशीन घरी आल्यावर कळलं! ती फक्त नक्षी काढणारी होती. शिवायला शेजारणीकडे जावं लागायचं. माझ्याकडे आल्या तेव्हा सहा हप्ते गेले होते आणि मशीनवर ओढणी टाकून ठेवली होती. त्यांचा पहिला प्रश्न मशीनबद्दल नव्हताच. "सर, घरात काय सांगू?" असं विचारलं त्यांनी. म्हणून मी या विषयावर एवढा चिडून बोलतो.

दुकानदार "एम्ब्रॉयडरी" म्हणतो तेव्हा

बाजारात "एम्ब्रॉयडरी मशीन" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. हे समजलं तरी निम्मी फसवणूक टळेल.

पहिली म्हणजे ऑटोमॅटिक झिगझॅग मशीन. पांढरी, दिसायला सुबक, उचलून कपाटात ठेवता येते. समोर एक चकती असते, ती फिरवली की वेगवेगळे टाके पडतात: पानांची ओळ, कंगोरे, छोटी नागमोडी किनार. उषा, सिंगर, ब्रदर अशा सगळ्यांच्याच या प्रकारच्या मशीन मिळतात. दहा-बारा हजारांपासून सुरू होतात. ही शिलाईचीच मशीन आहे, चांगली आहे, पण हिच्यावर मोर निघत नाही. ओळीत टाके निघतात, बस. जाहिरातीत "इतके एम्ब्रॉयडरी टाके" लिहिलेलं असतं ते हेच. लहान मुलींच्या फ्रॉकच्या घेराला, उशीच्या अभ्र्याला छान दिसतात. ब्लाऊजच्या गिऱ्हाईकाला ही एम्ब्रॉयडरी वाटतच नाही.

दुसरी म्हणजे कारागिरांची झिगझॅग मशीन. टेबलावर बसवलेली, मोठ्या मोटरची. कारागीर रिंगमध्ये ताणलेलं कापड दोन्ही हातांनी फिरवतो आणि टाक्याची रुंदी गुडघ्याने कमी-जास्त करत नक्षी भरतो. यात मशीन पाव आणि हात पाऊण. हात बसायला कित्येक महिने जातात. ज्याला येतं तो राजा आहे, पण "मशीन घेतली की येईल" असं इथे होत नाही.

तिसरी म्हणजे कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन, रीलमधली. डिझाईन पेन ड्राइव्हने टाकायचं, रिंग स्वतः फिरते. घरगुती, एका सुईची मशीनसुद्धा पन्नास हजारांच्या आत क्वचितच मिळते आणि चांगली घ्यायची तर लाखाच्या पुढे सहज जाते.

मग चौथी म्हणून "टू इन वन" येते. तिसऱ्या प्रकाराला शिलाईचा पाय लावायची सोय. बजेट थोडं असलं की हीच डोळ्यांत भरते, कारण वाटतं एका पैशात दोन मशीन. मला विचाराल तर धंद्यासाठी हीच सगळ्यात महाग पडणारी. मशीन तासभर नक्षी काढत बसली की तेवढा वेळ तुमची शिलाई बंद. आणि ती बिघडून पुण्याला सर्व्हिसला गेली की दोन्ही धंदे एकाच दिवशी बंद. घरी हौसेला ठीक आहे. ज्याच्या जिवावर गिऱ्हाईकाला तारीख द्यायची, तिथे नको.

आता रीलमध्ये न दिसणारा हिशोब.

ब्लाऊजची पाठ आणि दोन बाह्या, मध्यम भरगच्च काम. धरा ३० हजार टाके. घरगुती मशीनच्या माहितीपत्रकात मिनिटाला चारशेपासून आठ-साडेआठशे टाके असा वेग लिहिलेला असतो. आपण सरासरी पाचशे धरू, म्हणजे नुसते टाके पडायला एक तास. सुई एकच असते, त्यामुळे रंग बदलला की मशीन थांबते आणि तुम्ही दोरा बदलायचा. बारा वेळा बदलला, दोन-दोन मिनिटं धरली तरी चोवीस मिनिटं गेली. कापड रिंगमध्ये लावणं, खाली बॅकिंगचा कागद लावणं, जागा जुळवणं यात आणखी अर्धा तास. मध्ये दोरा तुटला नाही तर दोन तासांत एक ब्लाऊज.

स्वस्त मशीनमध्ये रिंग कधीकधी १० बाय १० सेंटिमीटरचीच असते. तळहाताएवढी! पाठीवरचं डिझाईन त्यात मावत नाही. मग तुकडे पाडून, रिंग काढून, पुन्हा लावून जोडायचं, आणि सांधा एक-दोन मिलिमीटर सरकला की गिऱ्हाईकाची साडीवरची महाग ब्लाऊजपीस तुमच्या गळ्यात. डिझाईनचंही तसंच. प्रत्येक कंपनीची फाईल वेगळी असते. ब्रदरची पीईएस, जनोमेची जेईएफ, आणि मोठ्या कारखानी मशीनवर चालणारी डीएसटी. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवून "अस्सं पाहिजे" म्हणतं. फोटोची फाईल होत नाही, ती कुणीतरी सॉफ्टवेअरवर बसून बनवावी लागते. त्याचे पैसे वेगळे.

अशा कामाचे गिऱ्हाईकाने ३५० रुपये दिले असं समजा. दोरा, कागद, वीज, वाया गेलेलं असं ६० धरा. राहिले २९०. त्या ताईंचा हप्ता ४,६०० होता. म्हणजे महिन्याला सोळा ब्लाऊज फक्त हप्त्यासाठी. सतराव्या ब्लाऊजपासून तुमची कमाई सुरू. त्यांच्याकडे लग्नसराईत दहा-बारा यायचे आणि चातुर्मास लागला की दोन-तीन.

हा आपल्या भागाचा पैसा कसा फिरतो त्याचा प्रश्न आहे. यवत, खुटबाव, केडगाव, चौफुला हा सगळा ऊसाचा आणि गुऱ्हाळांचा पट्टा. ऊसाचं बिल आलं, गुऱ्हाळाचा हिशोब झाला की घरात कापड येतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नं सुरू होतात, उन्हाळ्यात कळस, आणि आषाढात थंड. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही.

मग घ्यायची कुठली

पंधरा हजारांत काय बसतं ते सांगतो. काळी, लोखंडी बॉडीची, सरळ टाक्याची मशीन. स्टँड किंवा टेबल आणि वरून लावलेली छोटी मोटर धरून साधारण आठ-नऊ हजार. दुकान, कंपनी, मोटर यावर हजार-दीड हजार इकडे तिकडे. चांगली कात्री, टेप, पट्ट्या, जादा बॉबिन आणि इस्त्री घरात नसेल तर ती, असे दोन-अडीच हजार. अस्तर, हूक, दहा-बारा रंगांचे दोरे यांचा पहिला साठा दोन हजार. उरलेले हजार-दीड हजार हात लावायचे नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत काहीतरी बिघडतंच.

अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ३०० धरा, तुमच्या गावात वेगळी असेल. अस्तर, हूक, दोरा यांचे ८० गेले. राहिले २२०. आठवड्याला पाच, म्हणजे महिन्याला वीस ब्लाऊज झाले तरी ४,४०० रुपये. साडेतीन महिन्यांत गुंतवणूक वसूल. यात तुमची मजुरी धरलेली नाही हे मला माहीत आहे. पहिल्या साडेतीन महिन्यांत ती मिळणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर टोमणे बसत नाहीत.

मोटर लावली तरी खालचं पायडल काढून टाकू नका. पट्टा बदलला की मशीन पायावर चालते. लाईट गेली आणि संध्याकाळी पाचला हळदीचा ब्लाऊज द्यायचाय, अशा वेळी या पायडलची किंमत कळते. पांढऱ्या ऑटोमॅटिकला ही सोय नसते.

गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते असं आपण ऐकतो. पण १९२४ मध्ये त्यांना यंत्रांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी एक अपवाद आवर्जून सांगितला होता, सिंगरच्या शिलाई मशीनचा. पुढे १९४६ मध्ये ते आपल्या शेजारच्या उरुळी कांचनला आले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, ते सगळ्यांना माहीत असतं. शिलाई मशीनचं मात्र कुणी सांगत नाही.

त्याच सिंगर कंपनीने १८५६ मध्ये अमेरिकेत मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे शिलाई मशीन आणि हप्ता यांची जोडी पावणेदोनशे वर्षांच्या आसपासची आहे. हप्ता वाईट नाही. पण हप्ता त्या मशीनचा असावा, जी दुसऱ्या दिवसापासून काम देते.

ऑटोमॅटिक झिगझॅग कुणी घ्यावी? ज्यांना लहान मुलांचे कपडे, ताणले जाणारे होजिअरीचे कपडे, कपड्यांची दुरुस्ती, काज-बटण अशी मिसळ कामं करायची आहेत आणि बजेट पंधरा-वीस हजार आहे त्यांनी. काळ्या मशीनवर काज होत नाही, त्याला जोड लागते नाहीतर बाहेरून करून आणावी लागतात. फक्त एक करा. वॉरंटीचं कार्ड पैसे देण्याआधी वाचा. "घरगुती वापरासाठी" असं लिहिलेलं असेल तर रोज सात-आठ तास धंद्याला चालवल्यावर काय, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. तोंडी नको.

जॅक किंवा जुकीची कारखान्यातली मशीन वीस-पंचवीस हजारांच्या घरात येते म्हणून काही जण पहिल्याच फटक्यात ती घेतात. मशीन उत्तम. पण टेबल चार फूट लांब, वजन भरपूर, एकदा ठेवली की हलत नाही. दोन खोल्यांच्या घरात ती मध्यावर येते. ही दुसरी मशीन म्हणून घ्या, काम हाताबाहेर जायला लागलं की.

आणि ऑनलाइन मिळणारी ती दीड-दोन हजारांची बारकी मशीन, किंवा स्टेपलरसारखी हातात धरायची? हातात धरायची असते ती एका दोऱ्याचा साखळी टाका मारते. टोक ओढलं की सगळी शिलाई उसवते. गिऱ्हाईकाच्या कपड्याला ती लावू नका, एवढंच.

सगळ्यात स्वस्त पहिली मशीन बहुतेक वेळा घरातच असते. आईच्या नाहीतर सासूबाईंच्या लग्नात आलेली, रुखवतात मांडलेली, आता माळ्यावर किंवा टीव्हीखाली. ती आधी काढा. चाक हाताने फिरवून बघा, अडखळत नाही ना. सुईचा दांडा बोटांनी हलवून बघा, डगडग करतो का. सुईखालचे, कापड पुढे सरकवणारे दात बोटाने चाचपा, गुळगुळीत झाले असतील तर ते बदलावे लागतील. मिस्त्रीला बोलावून तेलपाणी, पट्टा, शटल बघून घेतलं तर हजार-पंधराशेत मशीन उभी राहते. लोखंडी जुनी मशीन चांगली राखली तर दोन पिढ्या जाते. वाचलेल्या पैशात मोटर बसते.

दुकानात जाताना पिशवीत काय न्यायचं

पुण्याला रविवार पेठेत जा किंवा दौंडला जा, दुकानदार दाखवायला सुती कापडाचा दुहेरी तुकडा देतो. त्यावर कुठलीही मशीन छानच चालते. तुम्ही तुमचे तुकडे घेऊन जा. एक ब्लाऊजपीस अस्तरासकट. एक निसरडं साटीन. एक खणाचा किंवा पैठणीच्या काठाचा तुकडा, दुमडून चार पदर होतील एवढा. जरीच्या काठावर सुई अडखळते, टाका सुटतो, दोरा तुटतो, आणि आपलं निम्मं काम काठावरच असतं. चार पदरांवर सावकाश चालवा. मग कापड उलटं करा. वरचा टाका सगळेच बघतात, खरी तब्येत खालच्या टाक्याची. खाली दोऱ्याचे फुगे दिसत असतील तर ताण जुळवायला सांगा, आणि जुळवूनही जात नसतील तर पुढच्या मशीनकडे वळा.

सुई बघा. घरगुती मशीनला एका बाजूने चपटी असलेली एचए सुई लागते, कारखान्याच्या मशीनला गोल दांड्याची डीबी. ब्लाऊजला ११ किंवा १४ नंबर लागणार. तुमच्या गावातल्या शिवणसाहित्याच्या दुकानात कुठली सुई, कुठली बॉबिन, कुठली बॉबिन केस मिळते ते मशीन ठरवायच्या आधी विचारून या. दहा रुपयांच्या बॉबिनसाठी यवतवरून पुण्याची गाडी पकडावी लागली तर तो दिवस गेला ना कामाचा! मी तर सांगतो, कंपनी निवडायच्या आधी मिस्त्री निवडा. तुमच्या गावात येणारा मिस्त्री ज्या मशीनला हात लावतो, ती तुमची मशीन.

घरी आल्यावर महिनाभर गिऱ्हाईकाचा कपडा घेऊ नका. जुन्या साड्यांच्या कापडी पिशव्या शिवा. सरळ शिलाई, चौकोन, बंद. हात बसतो आणि पिशव्या विकल्या जातात. तुकोबारायांची पालखी यवतला काळभैरवनाथाच्या मंदिरात मुक्कामाला असते, गाव पिठलं-भाकरी करून वारकऱ्यांना जेवू घालतं. त्या गर्दीत खांद्याला अडकवायची मजबूत कापडी पिशवी कुणाला नको आहे? ज्येष्ठात पन्नास शिवून ठेवा आणि बघा. तोटा झाला तरी तो जुन्या साड्यांचा.

शिकायचं असेल तर फुकट शिका. बँकांच्या आरसेटी केंद्रांत ग्रामीण भागातल्या तरुणांना आणि महिलांना शिवणाचं साधारण महिनाभराचं प्रशिक्षण मोफत मिळतं. शिवाय हे आपल्या तालुक्याला नवीन नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवून आणलेल्या बायकांना विणकाम, शिवण, छपाई अशी कामं शिकवली, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. आधी हात तयार केले, मग त्यांच्याकडून काम घेतलं.

सरकारी मशीनची वाट बघायची का?

"प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन योजना" म्हणून जे मेसेज फिरतात, त्यावर क्लिक करू नका. अशी योजना नसल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबीने सांगितलेलं आहे. त्या लिंकवर आधार आणि बँकेचा नंबर टाकलेल्या बायका मी बघितल्या आहेत.

खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडून. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्यात दिवसाला ५०० रुपये भत्ता, साहित्यासाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि नंतर ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. अटी नीट वाचा: कुटुंबातून एकालाच, वय किमान १८, आणि तुम्ही तो व्यवसाय आधीपासून करत असायला हवं. म्हणजे "शिवण सुरू करायचंय" म्हणणारीसाठी ही नाही, "शिवते आहे" म्हणणारीसाठी आहे. म्हणूनच म्हणतो, जुन्या मशीनवर का होईना, आधी सुरू करा. याशिवाय जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून शिलाई किंवा पिको-फॉल मशीन अनुदानावर देण्याच्या योजना अधूनमधून निघतात. पंचायत समितीत जाऊन विचारा, विचारायला पैसे लागत नाहीत. फक्त त्या भरवशावर हंगाम घालवू नका.

सरकारी ऑर्डरच्या भरवशावर मशीन घेण्याबद्दलही एक सांगतो. २०२४-२५ मध्ये राज्यात "एक राज्य एक गणवेश" झालं. कापड वरून येणार आणि शिलाई महिला बचत गटांकडून होणार. ऐकायला सोन्यासारखं. दुसऱ्या गणवेशाची शिलाई होती १०० रुपये आणि वरच्या खर्चाला १०. शर्ट, पँट, काज, बटण सगळं त्यात. अनेक गटांना ते परवडेना, मापांच्या तक्रारी आल्या, गणवेश उशिरा पोहोचले, आणि पुढच्या वर्षापासून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. तेवढ्या एका ऑर्डरसाठी कुणी मशीन घेतल्या असतील त्यांचं काय झालं असेल? उलट आता समिती गावातली आहे. मुख्याध्यापकांना भेटा, एक नमुना गणवेश शिवून दाखवा. आपल्या दराने.

आता एम्ब्रॉयडरी. ती करायचीच आहे, मी नाही म्हणालोच नाही.

दोन वाटा आहेत. पहिली आरी वर्क. लाकडी रिंग, स्टँड, आरीच्या सुया, मणी, जरदोसी. दोन-तीन हजारांत सगळं येतं आणि हप्ता शून्य. शिकायला वेळ लागतो, मान दुखते, हे खरं. पण आपल्या भागात चौकशी करून बघा, मशीनच्या नक्षीपेक्षा आरीच्या ब्लाऊजला नवरीकडचे लोक किती जास्त मोजतात. हातकामाला मान आहे, आणि ते मान-पाठ दुखवून केलेलं असतं म्हणून भाव पाडायचा नाही.

दुसरी वाट जॉबवर्कची. पुण्यात, हडपसरकडे, दौंडला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करून देणारी मोठी मशीनवाली मंडळी आहेत. एकावेळी अनेक सुया, रंग आपोआप बदलतो. तुमचं दोन तासांचं काम ती कमी वेळात आणि बहुतेक वेळा कमी पैशात करतात. त्यांच्याकडचे डिझाईनचे फोटो घ्या, नमुन्याचे दोन-चार तुकडे काढून आणा, घरात लावून ठेवा. गिऱ्हाईकाने निवडलं की कापड कापून पाठवा, भरून आलं की तुम्ही शिवा. मध्ये तुमचे शंभर-दीडशे ठेवा. बिनमशीनची एम्ब्रॉयडरी झाली की नाही?

याची वही ठेवा. तारीख, डिझाईन, किती दिले, किती घेतले. लग्नसराईचे महिने सोडून, म्हणजे श्रावण-भाद्रपदातसुद्धा, सलग तीन महिने पंधरा-वीसच्या वर कामं येत असतील तर माझ्याकडे या. आपण दोघं मिळून कॉम्प्युटर मशीन बघायला जाऊ, निदान २० बाय २० सेंटिमीटरची रिंग असलेली, डीएसटी फाईल घेणारी. तोपर्यंत तुम्हाला माहीत झालेलं असेल की तुमचं गिऱ्हाईक मोर मागतं की कोयरी, आणि त्याला किती देतं.

त्या ताईंचं काय झालं हे विचारणार तुम्ही. मशीन विकली, ४० हजार आले, उरलेले हप्ते एकदम फेडले, थोडे पैसे राहिले. आता सासूबाईंच्या जुन्या पायमशीनवर ब्लाऊज शिवतात आणि नक्षीचं काम बाहेरून करून आणतात. कानातलं अजून सुटलेलं नाही. दिवाळीपर्यंत सुटेल म्हणाल्या.

पुढच्या व्हिडिओत खालच्या टाक्याचा ताण कसा जुळवायचा ते मशीन उघडून दाखवणार आहे. तुमच्याकडची जुनी मशीन तोपर्यंत माळ्यावरून खाली काढून, पुसून ठेवा.